खारपट्टीतील घर आणि आरोग्याचा विचार

पश्चिम भारतात आरोग्यदायी घराचा विचार १८९६ च्या प्लेगपासून सुरू झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. कायदे, नकाशे व अहवाल यांच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु ज्या कोकणातील माणसांनी मुंबईच्या चाळी भरल्या, तेथील घरातही पाणी, धूर, गुरे आणि बाळंतीण यांच्या जागा ठरलेल्या होत्या. ही मांडणी आणि शहरातील सुधारणा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यास दोहोंचेही सामर्थ्य व उणिवा स्पष्ट होतात.

पेण व नागोठणे यांच्या दरम्यान वसलेले कासू हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. पूर्वेकडे डोंगर आणि पश्चिमेकडे अंबा नदीच्या खाडीलगतची खारी भातजमीन, अशी या पट्ट्याची ठेवण आहे. समुद्राचे पाणी बांध घालून अडवावयाचे व आतील जमीन भाताखाली आणावयाची, हा येथील जुना उद्योग. त्यातूनच ‘शिलोत्री’ नावाची धारापद्धती निर्माण झाली. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. अशा प्रदेशात घराचा पहिला शत्रू ओल हाच होय.

या शत्रूला कोकणी घराने दिलेले उत्तर जोते, उतरते छप्पर आणि पडवी या तिहींत सापडते. उंच जोत्यामुळे जमिनीची ओल घरात चढत नसे. पुढे आलेल्या पागोळ्यांमुळे मातीच्या भिंती भिजण्यापासून वाचत. पडवी व ओटी ही तर बाहेर आणि आत यांमधील मधली जागाच होती. भिजलेले इरले, चिखलाचे पाय आणि परका पाहुणा हे तिघेही तेथेच थांबत. गोठा शक्यतो वेगळा, न्हाणी मागील दाराशी आणि सांडपाणी परसातील केळी-अळवाला, अशी ही व्यवस्था होती. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. ती कौले पुढे कोकणात रुळली, तरी कौलांच्या फटींतून उष्ण हवा व धूर निघून जाण्याची सोय कायम राहिली.

तथापि या घराचे गुणगान करताना त्याच्या अंतर्भागाकडे दुर्लक्ष करता येत नाही. ओटीवर वारा व उजेड होता. माजघरात तो क्षीण होत जाई आणि चुलीपाशी व बाळंतिणीच्या खोलीत जवळजवळ नाहीसा होई. म्हणजे घरातील उत्तम हवा पुरुषांच्या बैठकीस मिळे आणि धूर स्त्रियांच्या वाट्यास येई. मातीच्या भिंती आणि धान्याच्या कणग्या यांमुळे उंदरांनाही आश्रय मिळे.

मुंबईत प्रश्नाचे स्वरूप निराळे होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. कोंदट हवेतून रोग उद्भवतो या समजुतीने अधिकाऱ्यांनी घरांना चुना फासला, ऊन आत यावे म्हणून कौलेही उतरविली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३½ अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम आग्रहाने मांडला. इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा तिच्यासमोर असावी, असा त्याचा व्यवहारी अर्थ होय. त्याच वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्लेगचा संबंध उंदरांवरील पिसवांशी जोडला. ते मत सर्वमान्य होण्यास मात्र सुमारे दशक लागले. प्रकाशाचा आग्रह अशा रीतीने अपुऱ्या कारणावर उभा होता; पण क्षयासारख्या रोगाच्या बाबतीत तो उपकारकच होता. खरी उणीव अंमलबजावणीत राहिली. पाडलेल्या वस्तीतील माणसे भाडे परवडेल अशा शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील दाटी वाढली.

१९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. तेथे एका कुटुंबास सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली मिळे. कोकणी घरातील ओटी, माजघर, चूल व न्हाणी यांची विभागणी या एका खोलीत मावणे अशक्य होते. ओटीचे काम सामाईक गॅलरीने काही अंशी पत्करले, आणि चाळीचे सामाजिक जीवन तेथेच बहरले. चुलीचा धूर मात्र निजण्याच्या जागेतच राहिला.

यावरून असे दिसते की, गावच्या घराने ओलीचा आणि शहराच्या नियमाने उजेडाचा प्रश्न हाती घेतला. चुलीपाशी बसणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न दोघांनीही मागे ठेवला. खारपट्टीत आज जोत्या-पडवीच्या घरांच्या जागी सिमेंटच्या स्लॅबची घरे उभी राहत आहेत आणि गॅसमुळे धूरही ओसरत आहे. परंतु पडवी गाळून व छप्पर सपाट करून बांधलेल्या घरात ओल आणि उष्मा पुन्हा प्रवेश करतात. म्हणून अद्याप उभ्या असलेल्या जुन्या घरांची मोजमापे घेताना केवळ लांबी-रुंदी न टिपता, कोणत्या जागी दिवसाचा किती काळ कोण वावरत असे, याचीही नोंद होणे अगत्याचे आहे.