भिंत, चेंडू आणि क्लबाचं दार

गुलमंडीत बसून भिंतीविषयी बोलायचं म्हणजे घरचीच गोष्ट. औरंगजेबाने या शहराभोवती तट बांधला. त्याचे दरवाजे अजून आपल्या पत्त्यांत आहेत. पण आज आम्ही बोलणार आहोत ते चेंडू परत पाठवणाऱ्या भिंतीविषयी.

स्पेन-फ्रान्सच्या सीमेवर, पिरेनीज डोंगराच्या दोन्ही अंगांना बास्क लोक राहतात. गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियर त्याच मुलखातले. या लोकांचा खेळ पेलोटा. चेंडू भिंतीवर मारायचा; परत आला की दुसरा टप्पा पडण्याआधी समोरच्याने तो मारायचा. कुणी उघड्या हाताने खेळतं, कुणी लाकडी फळीने, कुणी हाताला बांधलेल्या लांबट करंडीने. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही पेलोटा होता. खेळाची भिंत गावच्या चौकात, पुष्कळदा चर्चला लागूनच. म्हणून खेळ साऱ्या गावाचा.

आपल्याकडे याच जातीचा खेळ इंग्रजांनी आणला: आधी रॅकेट्स, मग स्क्वॉश. गंमत बघा, लंडनच्या फ्लीट तुरुंगात कर्जापायी अडकलेले कैदी रॅकेट्स खेळत. पुढे तो हॅरोच्या शाळेत गेला आणि तिथे स्क्वॉश जन्मला. कैद्यांचा खेळ साहेबांचा झाला! आपल्याकडे त्याची भिंत उभी राहिली ती छावणीत आणि क्लबात, म्हणजे दाराच्या आत.

मग बाहेरचा माणूस आत शिरला कसा? चाकरीच्या वाटेने. पेशावरच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात हाशिम खान लहानपणी चेंडू उचलून द्यायचे. साहेब गेले की अनवाणी सराव करायचे. 1944 साली मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा झाली, ती त्यांनी जिंकली. त्यांचे दूरचे नातलग अब्दुल बारी मुंबईत राहत. हाशिमनी त्यांनाही हरवलं होतं.

1947 ला फाळणी झाली. बारी मुंबईतच राहिले, हाशिम पाकिस्तानात. 1950 साली बारी ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि इजिप्तच्या महमूद करीमकडून हरले. ती बातमी ऐकून हाशिमना वाटलं, मीही जायला हवं. 1951 मध्ये ते गेले, त्याच करीमना हरवलं आणि पुढे ही स्पर्धा एकूण सात वेळा जिंकली.

पाकिस्तानात त्यांच्या घराण्याने हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या नेला. आपल्याकडे मात्र भिंत बराच काळ क्लबातच राहिली. 2028 च्या ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदा येतोय. आपल्या बोळातलं पोर भिंतीवर चेंडू मारतंच आहे; त्याला कोर्टाचं दार कोण उघडणार, एवढंच विचारून थांबतो. आता तुमचे प्रश्न.