खरे ठरलेले अनुमान

इ. स. १९११ मध्ये ‘ज्योतिर्गणितम्’कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडील दोन ग्रह वर्तविले. गुरूच्या उपग्रहांच्या गतींतील प्रमाणसंबंध त्यांनी ग्रहमालेस लावून पाहिला होता. पहिल्याचा प्रदक्षिणाकाल सुमारे २४२ वर्षे निघाला. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचा काल सुमारे २४८ वर्षे भरला. एवढ्याने तो प्रमाणसंबंध सिद्ध झाला काय? सुमारे ४६० वर्षांचा दुसरा ग्रह आढळला नाही. २००६ मध्ये प्लूटोचे ग्रहपदही गेले. अनुमान खरे ठरणे निराळे आणि ते खरे का ठरले हे कळणे निराळे. पंचांगशोधनात दृक्प्रत्ययालाच प्रमाण मानणाऱ्या केतकरांच्या तर्कासही आकाशाचीच कसोटी लावणे, हे त्यांच्या शिकवणीला धरूनच आहे.