मुग्धभ्रांती : रुग्णालयातील वृद्धांमधील

रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धाचे भान आणि अवधान काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बिघडते, ती अवस्था. वॉर्डात तिला डेलिरियम म्हणतात. घरची माणसे ‘वात झालाय’, ‘बरळतायत’ असे सांगतात. शरीरात दुसरीकडे काहीतरी बिघडल्याची ही खूण असते. म्हणून ‘वय झालंय, असं चालायचंच’ हे उत्तर घातक आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो, मुग्धभ्रांती अचानक येते. मात्र स्मृतिभ्रंश असलेल्यांना तिचा धोका अधिक असतो.

लक्षणे दिवसभरात कमीजास्त होतात. सकाळी डॉक्टरांच्या फेरीला नीट बोललेले आजोबा रात्री सलाइन उपटतात, मुलाला ओळखत नाहीत, भिंतीवर मुंग्या पाहतात. असा रुग्ण सर्वांच्या नजरेत भरतो. जो गप्प पडून राहतो, हाकेला उशिरा ओ देतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो, तो मात्र ‘शांत झोपलाय’ म्हणून सुटून जातो. वृद्धांमध्ये हा सुस्त प्रकार बराच आढळतो आणि निदान चुकते ते बहुधा याच प्रकारात.

शॅरन इनॉय आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेली तपासपद्धती आजही वापरात आहे. अचानक सुरुवात व चढउतार आणि अवधानाचा अभाव या दोन्ही गोष्टी हव्यातच. शिवाय असंबद्ध विचार किंवा जागरूकतेतील बदल, यांपैकी एक. अवधान पाहण्यासाठी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायला सांगता येतात. तरीही ‘हे नेहमीसारखे नाहीत’ हे उशाशी बसलेल्या नातेवाइकालाच आधी कळते. त्याचे म्हणणे परिचारिकेने नोंदवून घ्यावे.

कारणे बहुधा एकाहून अधिक असतात : संसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, न सांगितलेली वेदना, शस्त्रक्रिया, झोपेच्या गोळ्या, सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या. रोजची दारू एकाएकी बंद झाल्यानेही हे घडते. ती सवय घरचे संकोचाने लपवतात. पण तिथे उपचारच वेगळा असल्याने डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

मुख्य उपचार म्हणजे कारण शोधून दूर करणे. सोबत चष्मा, श्रवणयंत्र, कवळी रुग्णाजवळ द्यावी. दिवसा उजेड आणि रात्री अखंड झोप मिळू द्यावी. ओळखीच्या माणसाने वार, वेळ, ठिकाण शांतपणे सांगत राहावे. वाद घालू नये. लघवीची नळी गरज संपताच काढावी, रुग्णाला लवकर उठवून चालवावे. हातपाय बांधल्याने अस्वस्थता वाढते. हॅलोपेरिडॉलसारखे औषध रुग्णाला किंवा इतरांना धोका असेल तेव्हाच, अल्प मात्रेत व थोडे दिवस द्यावे. पार्किन्सनच्या रुग्णाला ते देऊ नये.

प्रतिबंधाचे मोल १९९९ मध्ये इनॉय यांनीच दाखवले. सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांच्या अभ्यासात अशी काळजी मिळालेल्यांपैकी ९.९ टक्क्यांना मुग्धभ्रांती झाली, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपैकी १५ टक्क्यांना. एकदा ती झाल्यावर मात्र तीव्रतेत फरक पडला नाही. म्हणजे काळजी पहिल्या दिवसापासूनच घ्यायला हवी.

गोंधळ कधी आठवडे, कधी महिने रेंगाळतो आणि पुढच्या आजारपणात पुन्हा होण्याची शक्यता राहते. म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर मुग्धभ्रांतीची नोंद नातेवाइकांनी आवर्जून करून घ्यावी.