दैनंदिन आचार आणि कॅथलिक श्रद्धा : उल्हास खोऱ्याच्या निमित्ताने

धर्माचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक प्रथम वास्तू, सनदा आणि धर्मपीठांचे आदेश यांकडे वळतो. कारण पुरावा तेथे सहज हाती लागतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील कॅथलिक समाजाच्या बाबतीत मात्र ही वाट फार दूर नेत नाही. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची प्रमुख केंद्रे वसई व साष्टी येथे होती. उल्हास खोऱ्यास त्या अमदानीची परंपरा नाही. अंबरनाथचे प्राचीन वैभव म्हणजे शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेले शिवालय. येथील ख्रिस्ती वस्ती मुख्यतः लोहमार्गाच्या व कारखान्यांच्या आश्रयाने वाढली. १८५४ साली आगगाडी कल्याणास पोहोचली, १८५६ मध्ये तिचा मार्ग बोरघाटाच्या पायथ्याकडे गेला. पुढे अंबरनाथला आगपेट्यांचा व शस्त्रनिर्मितीचा कारखाना निघाला, आणि १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. वसई, गोवा, मंगळूर आणि केरळ येथून जी कॅथलिक कुटुंबे या भागात आली, त्यांनी बरोबर काय आणले? चर्चची इमारत तर कोणी आणू शकत नाही. आणले ते घरातले आचार : संध्याकाळची जपमाळ, जेवणापूर्वीचा क्रूसाचा संकेत, प्रार्थना संपताच वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून मागितलेला आशीर्वाद, ज्याला गोव्याकडे ‘बेसांव’ म्हणतात.

अशा आचारांना गौण लेखण्याची आपल्या इतिहासलेखनाची सवय आहे. प्रस्तुत लेखकास ती चुकीची वाटते. या आचारांचे मोल सर्वांत अचूक ओळखले ते, विरोधाभास असा की, गोव्याच्या इन्क्विझिशनने. १७३६ च्या तिच्या प्रसिद्ध फर्मानात लग्नप्रसंगी पानफुले पाठविणे, हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजविणे, धोतर व चोळी नेसणे, अंगणात तुळस ठेवणे यांस नवख्रिस्तींना मनाई केली आहे. ज्या सत्तेला मिठाच्या चिमटीची चौकशी करावीशी वाटली, तिला श्रद्धेचे खरे ठाणे चूल आणि अंगण हेच आहे, हे पक्के ठाऊक होते. तिने ते ठाणे दंडाच्या धाकाने जिंकू पाहिले, हा भाग वेगळा.

या फर्मानानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. शरणागतीच्या कलमांत ख्रिस्ती रयतेस धर्मस्वातंत्र्य मिळाले खरे. परंतु पोर्तुगीज धर्मगुरू व त्यांचे मठ गेले आणि एतद्देशीय पाद्रींच्या अल्प आधारावर समाज उरला. राजाश्रय संपला, दंडाचे भय संपले. परत फिरावयाचे असते तर कोणी अडविणारे नव्हते. तरीही वसईची ख्रिस्ती गावे ख्रिस्तीच राहिली. एवढ्या मोठ्या घटनेचे श्रेय मूठभर पाद्रींना देऊन भागत नाही. गावच्या क्रूसापाशी होणारी सामुदायिक प्रार्थना आणि नव्या पिकाचा ‘आगेरा’ हा सण यांतून वर्ष आखले जात होते. लग्नातला ‘उंबराचं पाणी’ आणण्याचा विधीही या समाजात टिकला. अशाच देशी संस्कारांवर फर्मानाचा रोख होता, हे येथे लक्षात घ्यावे.

रोजच्या कामातून भक्ती साधते, हा विचार कॅथलिक परंपरेत उपरा नाही. फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात सैनिक, कारागीर व गृहिणी यांनाही आपापल्या स्थितीत भक्ती शक्य आहे, असे प्रतिपादिले. त्यानंतर सातच वर्षांनी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण राचोल येथे छापले गेले. एक ग्रंथ फ्रान्समध्ये निघालेला, दुसरा साष्टीच्या गोवेकर रयतेसाठी मराठी ओवीत रचलेला. परस्परसंबंध काहीच नाही, पण श्रोता दोघांचाही गृहस्थ. पुढे लिझ्यूच्या तेरेझा (मृत्यू १८९७) यांनी हीच वाट अधिक लहान कृत्यांपर्यंत नेली, आणि १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेने पावित्र्याचे आवाहन सर्वांनाच आहे, असे अधिकृतपणे सांगितले. वसईच्या शेतकऱ्याला ते सांगावे लागले असते असे वाटत नाही.

उल्हास खोऱ्यात या धारा एकत्र येतात, पण एकरूप होत नाहीत. अंबरनाथचे चर्च फातिमामातेच्या नावाचे आहे. १९१७ च्या फातिमा येथील संदेशात रोजच्या जपमाळेवरच भर होता. १९८८ मध्ये सिरो-मलबार पंथाच्या लोकांसाठी कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. पंथाची व्यवस्था आली ती अशी मागाहून. कुटुंबे आधीच येऊन राहिली होती. त्यांचा सर्वांत बोलका आचार पवित्र गुरुवारचा आहे. त्या रात्री घरी ‘पेसहा अप्पम’ ही बिनखमिराची भाकरी करतात, आणि घरातील ज्येष्ठ पुरुष प्रार्थना करून ती मोडतो व वाटतो. धर्मगुरूची तेथे गरज नसते. वर्षभरात घरात मृत्यू झाला असेल तर ती भाकरी त्या घरी करावयाची नाही. आप्त किंवा शेजारी ती आणून देतात. बाप्तिस्मा, विवाह व अंत्यसंस्कार चर्चच्या नोंदवहीत चढतात. ही भाकरी कोणत्या घरातून कोणत्या घरी गेली, हे त्या वहीत मिळणार नाही. ते विचारावयाचे तर बदलापूर-अंबरनाथच्या चाळींतील वृद्ध स्त्रियांना, आणि तेही लवकर.