दंतधावन आणि मशेरी

सकाळीं उठून दांत घासणें हें कृत्य इतकें नित्याचें आहे कीं, त्यालाही कांहीं इतिहास असेल अशी शंका सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु कृष्णाकांठच्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या मशेरीचा विचार करूं लागलें म्हणजे या लहानशा कृत्यामागें केवढा इतिहास आहे, हें ध्यानांत येतें. सांगलीचा जिल्हा १९४९ सालीं निर्माण झाला तो ‘दक्षिण सातारा’ या नांवानें. सांगली हें नांव त्यास १९६० सालीं मिळालें. तेव्हां या बाबतींत दोन्ही जिल्ह्यांचा संसार एकच समजण्यास हरकत नाहीं.

तंबाखूचें पान तव्यावर काळें पडेपर्यंत भाजावें, त्याची पूड करावी आणि ती बोटानें दांतांस व हिरड्यांस चोळावी, हीच मशेरी. निमित्त सकाळच्या दंतमंजनाचें. पण पुढें ती दुपारींही लागते, निजतांनाही लागते, आणि न मिळाली तर जीव कासावीस होतो. “हें आमच्या पूर्वजांपासून चालत आलें आहे,” असें समर्थन घरोघर ऐकूं येतें. तें कितपत खरें, एवढेंच आम्ही येथें पाहणार आहों.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत दिनचर्येचा जो अध्याय आहे, त्यांत दंतधावनाचा विधि स्पष्ट सांगितला आहे. रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा वृक्षांची, बारा अंगुळें लांब व करंगळीच्या टोंकाएवढी जाड काडी घ्यावी. तिचें अग्र मऊ करावें. सकाळीं आणि भोजनोत्तरही दांत घासावे. मात्र हिरड्यांस इजा होऊं देऊं नये. या विधींत तंबाखूचें नांव नाहीं, आणि असणें शक्यही नव्हतें. कारण ही वनस्पति मूळची अमेरिकेंतील, आणि आपल्याकडे ती आली पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर. अकबराच्या अखेरच्या वर्षांत त्याचा वकील असद बेग विजापुराहून परतला, तेव्हां तो तंबाखू नजराणा म्हणून घेऊन गेला. राजवैद्यांनीं त्या अपरिचित पदार्थास हरकत घेतली होती. साताऱ्याचा किल्ला आणि मिरज हीं त्या वेळीं विजापूरच्याच अमलाखालीं होतीं. म्हणजे ज्या वस्तूस आपण सनातन म्हणतों, ती येथें येऊन पुरीं साडेचारशें वर्षेंही झालेलीं नाहींत. जुनी ती काडी, मशेरी नवी.

दाढ ठणकूं लागली असतां चिमूटभर मशेरीनें क्षणभर बरें वाटतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. शेतांत दिवसभर राबणाऱ्या बाईची भूकही तिनें मरते. पण कीड आंत चालूच राहते, हिरड्या दांतांपासून सुटतात, आणि पुढें तोंडाच्या कर्करोगाचें भय उभें राहतें. हिरड्यांचा रोग व मधुमेह हे तर एकमेकांस बळावणारे सोबती आहेत. बाधा मातेपुरतीही राहत नाहीं. मुंबईंतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांचीं अर्भकें सरासरीनें १०५ ग्रॅम हलकीं आढळलीं.

तंबाखूयुक्त दंतमंजन व टूथपेस्ट यांस सरकारनें १९९२ सालीं बंदी केली. पण बाजारांतील डब्यास कायदा आवरील. चुलीवरच्या तव्यास तो कसा आवरणार? तें काम घरांतल्या माणसांचें आहे. मात्र तें धाक घालून साधणार नाहीं. आजीची मशेरी हिसकावून घेण्यापेक्षां तिच्या दुखऱ्या दाढेवर वेळेवर इलाज करवावा, तिच्या हातीं मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट द्यावी, आणि संवय सुटेपर्यंत तिची चिडचिड सोसावी. तोंडांतला न भरणारा व्रण किंवा पांढरा चट्टा दिसल्यास दंतवैद्यास अवश्य दाखवावा. आणि नात जेव्हां आजीच्या डबीकडे कुतूहलानें बोट नेईल, तेव्हां तिला वाग्भटाची ती काडी दाखवावी. पूर्वजांचा मान राखावयाचा, तर तो त्यांच्या खऱ्या शिकवणुकीनेंच राखला पाहिजे.