युद्धचित्रे, छापील (पनवेल–बोरघाट–पुणे)

लढाया, तह व सेनानी यांची छापून विकली गेलेली चित्रे. लढाई न पाहिलेल्या माणसाच्या मनात ती कशी ठसावी, हे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बरेचसे या चित्रांनी ठरवले. महाराष्ट्रात त्यांचा माग पनवेलहून पुण्याला जाणाऱ्या वाटेने काढता येतो.

नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावाची बाजू घेऊन निघालेल्या मुंबईकर इंग्रजांच्या फौजेचा तळ पनवेलला पडला. ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्ट्युअर्ट, म्हणजे मराठ्यांचा ‘इष्टुर फाकडा’, कार्ल्याला पडला आणि त्याच महिन्यात वडगावला ईस्ट इंडिया कंपनीने नामुष्कीचा करार केला. लंडनच्या चित्रविक्रेत्यांना या प्रसंगात फारसे काही विकण्याजोगे नव्हते. पराभवाला गिऱ्हाईक मिळे ते थट्टाचित्रांत. कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणहून माघार घेतली तेव्हा जेम्स गिलरेने (१७९१) टिपूला तटावरून त्याच्यावर लघवी करताना दाखवले!

पुढच्याच वर्षी टिपूचे मुलगे कॉर्नवॉलिसकडे ओलीस आले आणि चित्रांचा सूर पालटला. त्या वेळी छावणीत मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडकेही होते. चित्रांचा नायक मात्र वत्सल कॉर्नवॉलिस.

या वर्गातले सर्वांत महत्त्वाचे चित्र लढाईचे नाही, तहाचे आहे. टिपूविरुद्धचा पुणे दरबारचा कंपनीशी झालेला तह १७९० चा. चित्रकार जेम्स वेल्स मुंबईला आला १७९१ मध्ये, म्हणजे तो प्रसंग त्याने पाहिलेला नाही. पुण्यात त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे काढली. १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने मोठे तैलचित्र रंगवले (१८०५) आणि चार्ल्स टर्नरने त्याचा मेझोटिंट ठसा काढला (१८०७). या पद्धतीत तांब्याचा पत्रा आधी सर्वत्र खरबरीत करतात. तसाच छापला तर निव्वळ काळा उमटतो. जिथे उजेड हवा तिथे तो घासून गुळगुळीत करायचा. त्यामुळे मखमली अंधारातून चेहरे वर येतात, दरबारी थाट खुलतो. पण ठसा बाजारात आला तेव्हा सवाई माधवराव व नाना हयात नव्हते आणि असईची लढाई (१८०३) होऊन चार वर्षे लोटली होती. ज्या मराठ्यांशी नुकतेच युद्ध झाले त्यांच्याशी असलेला जुना दोस्ताना ग्राहकाच्या भिंतीवर लागला.

कंपनीच्या फौजेतील अधिकारी ग्रिंडले याच्या संग्रहातील (१८२६–३०) ॲक्वाटिंट (जलरंगासारख्या छटांच्या) चित्रांत पुण्याच्या वाटेवरचा बोरघाट येतो तो रम्य देखावा म्हणून. तोफा चढवण्याची वाट म्हणून नव्हे.

१८५७ च्या उठावावरची ॲटकिन्सनची शिळाछाप चित्रमाला (१८५९) हीही इंग्रजी छावणीच्या नजरेतूनच.

मराठी माणसाने आपला इतिहास स्वतः छापायला घेतला तो पुण्याच्या चित्रशाळेत (१८७८). विष्णुशास्त्री चिपळूणकर संस्थापकांपैकी एक. देवादिकांबरोबर नाना फडणीसांचे रंगीत शिळाछाप चित्र घरोघर गेले. रविवर्मा प्रेस १८९४ मध्ये मुंबईत निघाला व पुढे मळवलीला, कार्ल्याच्या शेजारी, हलला. शिवाजी महाराजांचे ओलिओग्राफ (तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत ठसे) त्याने काढले. या चित्रांत वीर सहसा लढत नाहीत; ते घोड्यावर किंवा बैठकीवर असतात. पाहणाऱ्याला तेवढे पुरे होते. १९१० च्या प्रेस कायद्यानंतर सरकारने अशा चित्रांवरही नजर ठेवली.