शून्य रेखांशावरचं वाशिम आणि अ‍ॅस्ट्रोफिजिक्सची डिग्री

मागच्या आठवड्यात रिसोडहून एका मुलीची व्हॉइस नोट आली. बारावी सायन्सला आहे. म्हणते, ‘दादा, मला अ‍ॅस्ट्रोफिजिक्समध्येच डिग्री करायची आहे. आपल्या जिल्ह्यात ते नाहीच. म्हणजे आपण चुकीच्या ठिकाणी जन्मलो का?’

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. मी वाशिमहून पुण्याला शिकायला गेलो, तेव्हा हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, ‘वाशिम म्हणजे नवी मुंबईतलं वाशी ना?’ मी हसून ‘नाही रे, विदर्भात’ म्हणालो, पण आतून खट्टू झालो. घरी बाबांचं वेगळंच. फिजिक्स घेतो म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘तारे मोजून पोट भरते काय रे?’

आजचा एपिसोड या दोन्ही प्रश्नांवर आहे. पण त्यासाठी आधी चौदाशे वर्षं मागे जावं लागेल.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची १६ नंबरची लेणी कोरली गेली. १९३९ मध्ये वाशिमलाच एक ताम्रपट सापडला, दुसऱ्या विंध्यशक्तीचा. त्यातही वत्सगुल्मचं नाव आहे. हे आपण शाळेत थोडंफार ऐकलेलं असतं.

कमी ऐकलेली गोष्ट पुढे आहे. सातव्या शतकात भास्कर नावाचा गणिती होऊन गेला. लीलावतीवाले भास्कराचार्य नाही बरं का, ते बाराव्या शतकातले. हा पहिला भास्कर. यानं ६२९ मध्ये आर्यभटाच्या ग्रंथावर भाष्य लिहिलं. त्याच्या ‘महाभास्करीय’ या ग्रंथात पृथ्वीवरच्या शून्य रेखांशावरची ठिकाणं दिली आहेत. लंकेपासून सुरुवात, मग काही गावं, डोंगर, पुढे अवंती म्हणजे उज्जैन, मग स्थानेश्वर, आणि शेवटी मेरू. या यादीत उज्जैनच्या अलीकडे एका संपन्न नगराचं नाव येतं. वत्सगुल्म!

आज ग्रिनिचला जो मान आहे, तो त्या काळी आपल्याकडे या रेघेला होता. ग्रहांची गणितं आधी तिच्यावरची करायची आणि मग आपल्या गावापुरती दुरुस्त करायची. वाशिमच्या मध्यमेश्वर मंदिराबद्दल लोक आजही सांगतात की पृथ्वीची मधली रेघ इथून जाते. माझी आजीही सांगायची. मी सायन्सवाला झाल्यावर तिला हसायचो. भास्कराची यादी वाचली त्या दिवशी मात्र माझी बोलती बंद झाली.

आता खरी गंमत बघा. फोनमधला मॅप उघडा. उज्जैन साधारण ७५.८ अंश पूर्वेला. वाशिम ७७.१ अंशांवर. म्हणजे एका रेघेवर नाहीतच! वाशिम जवळपास १४० किलोमीटर पूर्वेला सरकलेलं आहे. मग भास्कर चुकला का?

चुकला. पण किती चुकला आणि का, हे समजणं म्हणजेच अ‍ॅस्ट्रोफिजिक्सचा पहिला धडा.

दोन गावांच्या रेखांशातला फरक काढायला चंद्रग्रहण वापरायचे. ‘सूर्यसिद्धांता’त ही पद्धत आहे. ग्रहण सगळीकडून एकाच क्षणी दिसतं, पण प्रत्येक गावची स्थानिक वेळ वेगळी असते. वेळांमधला फरक म्हणजेच रेखांशातला फरक. एका अंशाला ४ मिनिटं. उज्जैन आणि वाशिममधला फरक येतो साडेपाच मिनिटांच्या आसपास.

आता त्यांचं घड्याळ बघा. पाण्यावर तरंगणारं, तळाला भोक असलेलं भांडं. ते भरून बुडालं की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. साडेपाच मिनिटं म्हणजे पाव घटिकाही नाही. त्यात चंद्रावरच्या सावलीची कड अंधुक, त्यामुळे ग्रहण नेमकं कधी लागलं हे डोळ्यांनी सांगणं कठीण. माझा तर्क असा की त्या साधनांनी वाशिम आणि उज्जैन वेगळ्या रेघांवर आहेत, हे पकडणं फार अवघड होतं. चूक माणसापेक्षा उपकरणाची जास्त होती.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘त्रुटी’चा रकाना असतो. आम्ही तो मित्राचं बघून भरायचो. त्या रकान्याचा अर्थ मला कॉलेज संपल्यावर, या साडेपाच मिनिटांमुळे कळला.

तर ताई, आता तुझ्या डिग्रीकडे येऊ. मेघनाद साहा, ज्यांच्या १९२० च्या समीकरणामुळे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान वाचता यायला लागलं, ते कॉलेजात गणित शिकले होते. चंद्रशेखर मद्रासला फिजिक्स शिकले. आपले जयंत नारळीकर १९५७ मध्ये बनारसहून बीएस्सी झाले आणि केंब्रिजला जाऊन पुन्हा गणितच शिकले. तिघांपैकी कुणाच्याही पहिल्या डिग्रीवर अ‍ॅस्ट्रोफिजिक्स हा शब्द नव्हता.

आजही आपल्याकडे नेहमीचा रस्ता तोच आहे. बीएस्सी फिजिक्स, सोबत गणित. मग जॅम परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे पीएचडी. बारावीनंतर थेट आयसरला किंवा तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीला जाता येतं, त्यांच्या प्रवेशाचे नियम आत्ताच वाचून ठेव. पण तिथे नंबर नाही लागला तर दार बंद झालं असं समजू नको. नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली, ती देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना तिथल्या सोयी वापरता याव्यात म्हणूनच.

अडचणी नाहीत असं मी म्हणणार नाही. आमच्या कॉलेजात दुर्बीण होती. तीन वर्षांत ती कपाटातच पाहिली. चावी कुणाकडे असते, हेही शेवटपर्यंत कळलं नाही. पीएचडीपर्यंत आठ-दहा वर्षं जातात आणि तेवढा वेळ सगळ्या घरांना परवडत नाही. मलाही नाही परवडला. म्हणून मी आज माइकसमोर आहे. बाबांचा प्रश्न चुकीचा नव्हता, हे आता कळतं. घरी हे बोलणं आधीच कर, आकडे मांडून कर.

आणि जन्म चुकीच्या ठिकाणी? वाशिमहून खाली हिंगोली जिल्ह्यात जा. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होऊ घातली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडला तरी तो मोजायचा आहे. जागा कुठे? वाशिमच्या रेखांशाला जवळपास चिकटून. पाव घटिकेची चूक जिथे झाली, त्याच पट्ट्यात हे होणार आहे.

जाता जाता होमवर्क. सपाट जागी एक सरळ काठी रोवा. सकाळी अकराला सावलीचं टोक जिथे असेल, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काठीभोवती काढा आणि वेळ लिहा. दुपारी सावली पुन्हा वर्तुळाला टेकेल, ती वेळ लिहा. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तुमची खरी दुपार. त्याच दिवशी पुण्यातल्या मित्राला हेच करायला सांगा. वाशिम आणि पुण्यात साधारण १३ मिनिटांचा फरक यायला हवा. तुमचा किती आला आणि चूक कुठे झाली, ते व्हॉइस नोटवर कळवा. मित्राचं बघून भरू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.